मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या स्कॅनला अण्णांना आणताना

मी संभाजीनगरला न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. मंठा, परतूर, गेवराईकडून ‘डोक्यात पाणी झालंय’ म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसांचा स्पेक्ट स्कॅन, म्हणजे मेंदूत रक्त कसं फिरतं त्याचा फोटो, मी काढते. पावसात काळ्या रानात पाय रुतावेत तशी ही माणसं कोरड्या फरशीवर चालतात. विसरायला होतं, लघवी आवरत नाही. १९६५ साली हकीम आणि अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी या तिन्ही लक्षणांची सांगड घातली. तोच नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात. रक्त कुठं कमी पोचतंय, ते या स्कॅनमध्ये दिसतं.

आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, तंबाखू बंद. चहानेही मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो. पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस स्टँडवर कप हातात घेतोच, तेव्हा सोबतच्यानेच आडवं यायचं. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. जुना सीटी किंवा एमआरआय सोबत आणा.

आता सगळ्यात जपायची वेळ. आम्ही आधी हाताला सलाईनची सुई लावून ठेवतो आणि अण्णांना मंद उजेडात शांत पडू देतो. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच सुईतून औषध सोडतो, म्हणजे टोचल्याची कळ तेव्हा नसते. टेक्नेशियमचं हे किरणोत्सारी औषध एक-दोन मिनिटांत मेंदूत जाऊन बसतं आणि तिथंच राहतं. तासाभराने फोटो काढला तरी दिसतो तो त्या दोन मिनिटांतलाच मेंदू. एकदा औषध गेलं न गेलं तोच नातवाने मायेने विचारलं, “अण्णा, बरं वाटायलंय का?” अण्णा दचकून उठायला लागले. ते मला रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना कळवावं लागलं. चूक माझी होती, मी पोराला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही औषधानंतर दहा मिनिटं बोलू नका, मोबाइल बंद ठेवा.

मशीनवर जाण्याआधी लघवीला नेऊन आणा, डायपर बांधा. अर्धा तास डोकं हलता कामा नये. गुडघ्यांखाली चादरीची घडी दिली की कंबर कमी दुखते. औषधाच्या किरणांचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. त्या दिवशी लहान लेकरं आणि गरोदर बाई जरा लांबच बरी.

रिपोर्टमध्ये बहुधा कपाळामागच्या भागात रक्तप्रवाह कमी दिसतो. डोक्याच्या वरच्या बाजूला मेंदूच्या घड्या दाटून बसल्याने तिथं उलट रक्त जास्त आहे असं वाटू शकतं. अल्झायमरमध्ये सहसा कानामागचा आणि त्याच्या वरचा भाग फिका पडतो. पण नुसत्या स्कॅनवर शंटचं, म्हणजे डोक्यातलं पाणी नळीने दुसरीकडे वळवायचं, ऑपरेशन ठरत नाही. त्यासाठी पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून चाल सुधारते का ते बघतात. त्याच्या आधीचा आणि नंतरचा चालतानाचा व्हिडिओ घ्या. पावलं दिसतील असा मोबाइल धरा, आणि मागं वळायला अण्णांना किती पावलं लागतात ते मोजून लिहून ठेवा.