चिलगोजा लावताय? या चुका टाळा

चिलगोजा म्हणजे पहाडातल्या एका पाइनच्या झाडाचं खायचं बी. ड्रायफ्रूटवाल्याकडून चिलगोजे आणून कुंडीत टोचायचे, ही सगळ्यात कॉमन चूक. दुकानातले बहुतेक भाजलेले असतात, ते कितीही पाणी घाला उगवणार नाहीत. कच्चं बी मिळालं तरी ताजंच पाहिजे, तेलकट असल्यामुळे ते लवकर खवट होतं. शंकू (ज्यात हे बी असतं ती खवल्याखवल्यांची बोंडं) सप्टेंबर-ऑक्टोबरला पिकतात, त्याच सीझनचं बी बघा.

मग जागा. आपल्याकडे हे झाड मुख्यतः हिमाचलच्या किन्नौरचं, कल्पा, पूह या बाजूचं, साधारण 1800 ते 3300 मीटरवरच्या कोरड्या खडकाळ उतारांवर वाढतं, पावसाळी ढग तिथे फारसे पोचतच नाहीत, ओलावा बराचसा थंडीतल्या बर्फाचा. आणि आपण ते पुण्याच्या बाल्कनीत जुलैच्या पावसात ठेवणार! मुळं सडतात, सुया (सुईसारखी पानं) पिवळ्या पडतात, आणि पिवळं दिसलं की लोक अजून पाणी घालतात, वर खतही देतात, झालं. आधी बोट घालून माती बघा, ओली असेल तर पाणी बंद, आणि मातीत जाड वाळू-खडी भरपूर मिसळा. खरं सांगू का, कोकण-पुण्याच्या हवेत हा हट्टच नको.

थंड पहाडात जमीन असेल तर मात्र जरूर लावा. फक्त रोप छोट्या पिशवीत फार काळ ठेवू नका, मूळ खाली खोल जाणारं आहे, ते पिशवीत वेटोळं घालत बसतं. वाढ खूप हळू असते, मेलं समजून उपटू नका. आणि कुंपण घालाच, शेळ्यामेंढ्या कोवळी रोपं ठेवत नाहीत.

पण झाडाला खरा फटका बसतो तो काढणीत. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत चिलगोजा 'संकटाच्या जवळ' या गटात आहे, कारण भाव इतका की शंकू उघडायच्या आतच सगळे उतरवतात, जंगलात पडून उगवायला बी उरतच नाही. त्यात घाईत फांदीच तोडली की पुढच्या वर्षीचे छोटे शंकूपण गेले, कारण शंकू पिकायला वर्षापेक्षा जास्त लागतं. आकडीने फक्त तयार शंकू काढा, काही झाडांना हातच लावू नका.

किन्नौरला फिरायला गेलात तर 'एकच शंकू' म्हणून तोडू नका, त्या जंगलात चिलगोजे गोळा करायचे हक्क गावकऱ्यांचे आहेत. तिथे न्योजा म्हणून विचारा, विकत मिळतात.