सेन्सिटिव्हिटी कार्ड निवडताना आणि रिपोर्टात औषधे दाखवताना

व्हायटेक २ हे जंतूवर कोणते औषध चालते ते तपासणारे यंत्र. त्याच्या सेन्सिटिव्हिटी कार्डात ६४ वेल (छोटे खळगे) असतात. एक वेल औषधाविना, जंतू वाढतोय ना हे पाहण्यासाठी. बाकीच्यांत वीसेक औषधे, प्रत्येक दोन-चार तीव्रतांत, सुकवून ठेवलेली. ती कोणती हे कंपनी ठरवते. लॅबच्या हातात तीन निर्णय राहतात: कोणते कार्ड मागवायचे, त्यातले काय रिपोर्टात सोडायचे आणि यंत्राबाहेर हाताने काय करायचे. पुष्कळ ठिकाणी पहिला निर्णय डीलरकडच्या स्टॉकवर होतो आणि पुढचे दोन होतच नाहीत. यंत्र छापेल ते सगळे वॉर्डात जाते. मग साध्या मूत्रसंसर्गातल्या ई. कोलायपुढे मेरोपेनेम (कार्बापेनेम गटातले, राखून वापरायचे औषध) 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारे) दिसते आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते.

कार्ड मागवण्याआधी दोन कागद समोर घ्या: फार्मसीची औषधयादी आणि गेल्या वर्षीचा अँटिबायोग्राम (कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के सेन्सिटिव्ह, याचा तक्ता). फार्मसीत जे मिळतच नाही त्यासाठी वेल खर्च करण्यात अर्थ नाही, अर्थात ते दुसऱ्या औषधाचे प्रतिनिधी असेल तर गोष्ट वेगळी. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी सेफॉक्सिटिन कोणी देत नाही, पण एमआरएसए (मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस) त्यावरूनच ओळखतो. अँपिसिलिनच्या निकालावरून अमॉक्सिसिलिन कळते. टेट्रासायक्लिनला 'एस' आलेला जंतू डॉक्सिसायक्लिनलाही 'एस' धरता येतो, पण 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे लागू न पडणारे) आला तर उलटा निष्कर्ष काढू नये. त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन लागू पडू शकते, ते वेगळे तपासावे.

यानंतर बघायची ती तीव्रतांची मर्यादा, म्हणजे कॉलिंग रेंज. चुका सर्वांत जास्त इथेच होतात. कार्डावर औषधाचे नाव आहे एवढ्याने भागत नाही; त्याची सर्वांत खालची तीव्रता ब्रेकपॉइंटपर्यंत, म्हणजे 'एस'-'आर' ठरवणाऱ्या सीमारेषेपर्यंत, पोहोचायला हवी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचेच पाहा. सीएलएसआयनुसार (ब्रेकपॉइंट ठरवणारी अमेरिकी संस्था) ई. कोलायसाठी ०.२५ (मायक्रोग्रॅम प्रति मिली; पुढचे तीव्रतेचे आकडेही याच एककात) किंवा कमी म्हणजे 'एस', पण साल्मोनेलासाठी ही रेषा ०.०६ वर आहे. कार्ड '≤०.२५' वर थांबत असेल तर टायफॉइडच्या रुग्णाचा जंतू ०.०३ चा की ०.२५ चा, हे कळायला मार्ग नाही. पहिल्याला सिप्रो चालते, दुसऱ्याला चालत नाही. अशा कार्डावर साल्मोनेला आला की सिप्रो दाबून ठेवावे आणि पेफ्लॉक्सॅसिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क लावावी: २४ मिमी किंवा जास्त 'एस', २३ किंवा कमी 'आर'. कार्डाच्या माहितीपत्रकात प्रत्येक औषधाची रेंज छापलेली असते. ती सीएलएसआयच्या चालू ब्रेकपॉइंट-पुस्तिकेच्या, म्हणजे एम१०० च्या, तक्त्याशेजारी ठेवून औषधागणिक टिक करा. तासाभराचे काम आहे, पण हे केल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

ब्रेकपॉइंट बदलत राहतात आणि यंत्राचे सॉफ्टवेअर मागे पडते. एंटेरोबॅक्टरेलीससाठी (ई. कोलाय, क्लेबसिएला यांचा गट) मेरोपेनेमचा 'एस' २०१० मध्ये ४ वरून १ वर आला, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा २०२२ मध्ये १६ वरून ८ वर, अमिकासिनचा २०२३ मध्ये १६ वरून ४ वर. त्याच वर्षी स्यूडोमोनास एरुजिनोसासाठी जेंटामायसिन तक्त्यातून काढले गेले आणि अमिकासिन फक्त लघवीच्या नमुन्यांपुरते उरले. सेटिंगमध्ये कोणत्या वर्षीचे सीएलएसआय आहे हे उघडून बघा. बसवणारा इंजिनिअर जे ठेवून गेला ते वर्षानुवर्षे तसेच राहते. नवा ब्रेकपॉइंट लागू करण्याआधी निदान ३० जंतूंवर पडताळणी हवी. त्यात रेझिस्टंट आणि सीमारेषेवरचे जंतू मुद्दाम घ्या. सगळेच सेन्सिटिव्ह घेतले तर पडताळणी पास होते, पण हाती काही लागत नाही.

रिपोर्टाचे नियम बसवताना आधी निसर्गतः रेझिस्टंट जोड्या बंद करा. क्लेबसिएलाला अँपिसिलिन, प्रोटियस, मॉर्गनेला, प्रोव्हिडेन्सिया, सेराशिया यांना कोलिस्टिन आणि नायट्रोफ्युरँटॉइन, एंटेरोकॉकसला सेफॅलोस्पोरिन आणि क्लिंडामायसिन, स्टेनोट्रोफोमोनासला कार्बापेनेम. यांत कधी 'एस' उमटलाच तर औषधाची नव्हे, जंतूच्या ओळखीची शंका घ्या, किंवा कल्चर मिसळले आहे का ते बघा. साल्मोनेलाला जेंटामायसिन प्लेटवर मारते, रुग्णात मारत नाही, म्हणून तेही दाखवू नये. प्रोटियसमध्ये इमिपेनेमची एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी किमान तीव्रता) कार्बापेनेमेजशिवायही (कार्बापेनेम तोडणारे एन्झाइम नसतानाही) चढलेली दिसते. मेरोपेनेम खाली आणि फक्त इमिपेनेम वर असेल तर लगेच सीआरई (कार्बापेनेम-रेझिस्टंट एंटेरोबॅक्टरेलीस) जाहीर करायची घाई नको.

मग नमुन्याची जागा. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीपुरतेच. फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटमुळे डॅप्टोमायसिन निकामी होते, म्हणून थुंकी किंवा बीएएलवर (फुफ्फुस धुऊन काढलेला द्रव) ते नको. सीएसएफच्या (मेंदू-मणक्याभोवतालचा द्रव) रिपोर्टात तोंडाने घ्यायची औषधे, क्लिंडामायसिन, मॅक्रोलाइड, टेट्रासायक्लिन, फ्लुरोक्विनोलोन दिसताच कामा नयेत. टिगेसायक्लिनचा लघवीत काही उपयोग नाही, आणि सीएलएसआयने त्याला ब्रेकपॉइंटही दिलेला नाही.

यानंतर पायऱ्यापायऱ्यांनी उलगडणारा रिपोर्ट. लघवीतल्या ई. कोलायला आधी नायट्रोफ्युरँटॉइन, कोट्रायमोक्साझोल, सेफॅलोस्पोरिन आणि जेंटामायसिन दाखवा. सेफ्ट्रिॲक्सोन 'एस' असेल तर कार्बापेनेम झाकलेले राहू दे. 'आर' आले तर अमिकासिन आणि कार्बापेनेम उघडा. कार्बापेनेमही 'आर' असेल तेव्हाच सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि तत्सम राखीव औषधे. एक अपवाद मात्र न विसरता घाला: झाकलेल्या औषधाला 'आर' आला तर तो दाखवायचाच. रुग्णाला ते औषध आधीच सुरू असू शकते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे सेफोपेराझोन-सल्बॅक्टम. वॉर्डात भरपूर वापर, इथल्या कार्डांवरही असते, पण सीएलएसआयचा ब्रेकपॉइंट नाही. नुसत्या सेफोपेराझोनचा उसना घेतला जातो. दाखवायचेच असेल तर खाली तशी टीप छापा. दुसरी अडचण एनडीएमची, म्हणजे कार्बापेनेम तोडणाऱ्या एका एन्झाइमची. एनडीएम असलेल्या क्लेबसिएलाला सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम एकटे चालत नाही. ॲझ्ट्रिओनाम एनडीएमला दाद देत नाही, पण सोबतचे ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिन तोडणारे एन्झाइम) त्याला खाऊन टाकते. ॲव्हिबॅक्टम ते ईएसबीएल थोपवते, म्हणून सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम दोन्ही एकत्र. ही जोडी नेहमीच्या कार्डावरून कळत नाही, यंत्राबाहेर तपासावी लागते.

कोलिस्टिनचे तसेच. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये, आणि साधी डिस्क किंवा ग्रेडियंट स्ट्रिप तर नकोच, कारण हा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (ब्रॉथमध्ये औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रता करून एमआयसी काढणे) जमत नसेल तर डिस्क इल्युशन करा. काचेच्या चार नळ्यांत प्रत्येकी १० मिली कॅटायन-ॲडजस्टेड म्यूलर-हिंटन ब्रॉथ घ्या. त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या कोलिस्टिन डिस्क अनुक्रमे ०, १, २ आणि ४ टाका. हलकेच हलवून ३० मिनिटे बाहेर ठेवा. मग ०.५ मॅकफार्लंडच्या (गढूळपणाचे माप) जंतूंच्या द्रावणाचे ५० मायक्रोलिटर प्रत्येक नळीत. दुसऱ्या दिवशी १६ ते २० तासांनी वाचा. २ किंवा कमी आले तर 'आय' (इंटरमीजिएट, मधला वर्ग), ४ किंवा जास्त 'आर'. 'एस' हा वर्ग सीएलएसआयने २०२० मध्येच काढून टाकला. ही पद्धत एंटेरोबॅक्टरेलीस आणि स्यूडोमोनाससाठी आहे, ॲसिनेटोबॅक्टरसाठी नाही.

एवढे सगळे बसवल्यावरही चूक बहुतेकदा पिपेटच्या टोकाला होते. १८ ते २४ तासांच्या शुद्ध कॉलनी ३ मिली ०.४५ टक्के सलाइनमध्ये, ०.५ ते ०.६३ मॅकफार्लंडपर्यंत. त्यातले ग्राम निगेटिव्हसाठी १४५ आणि ग्राम पॉझिटिव्हसाठी २८० मायक्रोलिटर दुसऱ्या ३ मिलीत. घाईत आकडे उलटे झाले तर ग्राम निगेटिव्ह जंतू जवळजवळ दुप्पट भरतो आणि बीटा-लॅक्टमची एमआयसी उगाच चढू शकते. कार्ड भरले की त्याच दुसऱ्या नळीतून एक लूप ब्लड अगारवर रेषून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर रिपोर्ट रद्द, मग यंत्राने कितीही आत्मविश्वासाने आकडे छापलेले असोत.

क्वालिटी कंट्रोलला फक्त ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (तपासणीसाठीचा प्रमाणित जंतू) वापरणारे पुष्कळ आहेत. त्याच्याकडे बीटा-लॅक्टमेज (बीटा-लॅक्टम औषधे तोडणारे एन्झाइम) नाही. कार्ड उन्हात राहून क्लॅव्ह्युलॅनेट (ते एन्झाइम थोपवणारा इनहिबिटर) मेले तरी या जंतूवर निकाल ठीकच येणार. इनहिबिटर असलेल्या जोड्यांसाठी ई. कोलाय ३५२१८ किंवा क्लेबसिएला ७००६०३ हवाच.

आणि रिपोर्टात झाकलेले निकाल डेटाबेसमधून पुसू नका. व्होनेटला (हे निकाल साठवणारे डब्ल्यूएचओचे सॉफ्टवेअर) पूर्ण फाइल जाऊ दे. नाहीतर वर्षअखेरीच्या अँटिबायोग्राममध्ये मेरोपेनेमची टक्केवारी फक्त सेफ्ट्रिॲक्सोन-रेझिस्टंट जंतूंवरून निघते. ती खऱ्याहून वाईट दिसते आणि पुढच्या वर्षी वॉर्ड थेट कोलिस्टिनपासून सुरुवात करतो.