हटवलेल्या हिमाचा ढीग कधी वितळेल, याचा अंदाज कसा बांधावा

बॉस्टन शहरात 2014-15 च्या हिवाळ्यात 110.6 इंच हिम पडले, आणि रस्त्यांवरून उचलून रचलेला त्याचा एक ढीग ऐन उन्हाळ्यात, 14 जुलै 2015 पर्यंत टिकला. हिम कधीही न पाहिलेल्या मुंबईकरालाही अशा ढिगाचा हिशेब घरी बसून मांडता येतो.

प्रथम घनता ठरवावी. ताजे हिम घनमीटरला साधारण 100 किलो भरते, पण डंपरने ओतून दाबलेले 500 किलोंच्या आसपास जाते. मग दिवसाचे सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश असेल, त्याला वितळण्याच्या गुणकाने गुणावे. हिमासाठी हा गुणक बहुधा दर अंशामागे दिवसाला 3 ते 6 मिलिमीटर पाणी इतका असतो. सरासरी 10 अंश आणि गुणक 5 धरला, तर रोज 50 मिलिमीटर पाणी सुटते, म्हणजेच दाबलेल्या ढिगाचा 10 सेंटीमीटर थर जातो.

ढीग पृष्ठभागावरून झिजतो, हे मात्र विसरू नये. आकार तोच राहून उंची निम्मी झाली, की आकारमान एक अष्टमांशच उरते. त्यामुळे ढीग झपाट्याने संपत आल्यासारखा दिसतो, आणि घाईचे अंदाज इथेच फसतात, कारण उरलेल्या निम्म्या उंचीला त्याच वेगाने तितकेच दिवस लागतात.

खरी गुंतागुंत कचऱ्याची आहे. धुळीचा विरळ थर ऊन शोषून वितळणे वाढवतो, तर जाड थर गोधडीसारखा बर्फाला झाकतो. एकोणिसाव्या शतकात बॉस्टनचाच बर्फ लाकडाच्या भुशात रचून जहाजाने मुंबईत येत असे, तो याच गुणामुळे. हे पडताळण्यासाठी मासळीबाजारातून बर्फाची लादी आणून तिचे सारख्या वजनाचे तीन तुकडे करावेत, एक उघडा ठेवावा, दुसऱ्यावर कोळशाची पूड भुरभुरावी, तिसरा दोन इंच भुशात गाडावा आणि तिन्ही उन्हात जाळीवर ठेवून दर अर्ध्या तासाने वजन करावे. भुशाचे वजन आधी करून वजा करावे. मुंबईच्या दमट हवेत आकडे फुगतात, कारण बर्फावर एक किलो वाफ जमली तर सुमारे साडेसात किलो बर्फ वितळतो. म्हणून इथल्या प्रयोगातून तुकड्यांची आपसातली तुलनाच घ्यावी.

पावसाला उगाच श्रेय देऊ नये. 10 अंशांचा 10 मिलिमीटर पाऊस स्वतःच्या उष्णतेने जेमतेम सव्वा मिलिमीटर वितळवतो.

प्रत्यक्ष ढिगात मात्र बांबू रोवून पंधरवडाभर झीज मोजावी, त्यावरून गुणक काढावा आणि कचरा साचत जाईल तसा तो पुन्हा काढावा. शेवटी मातीचा उंचवटा उरला, तर पहारीने टोचून पाहिल्याशिवाय ढीग संपला असे नोंदवू नये.