कॉम्प्युटर बंद पडला? दुकानात न्यायच्या आधी एकदा स्वतः उघडून बघा

माझं खानापूरकडं छोटं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका मराठीत, अर्ज कन्नडमध्ये, त्यामुळं मशीन एक दिवस बंद राहिली तरी गिऱ्हाईक जातं. तीन वर्षांमागं तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची कामं सुरू झाली आणि डेस्कटॉप चालूच होईना. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आत नुसतं बीप बीप. बसमधून मांडीवर घेऊन बेळगावला नेला, तिथं एकानं सांगितलं मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. तेवढे पैसे नव्हते म्हणून परत आणला. रविवारी शेजारचा पोरगा आला, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, कामाला जातो तो, त्यानं बाजूचा पत्रा काढला, रॅमची (मशीनच्या तात्पुरत्या मेमरीची) पट्टी काढून तिची पिवळी कड शाळेच्या खोडरबरनं घासली, परत बसवली, आणि मशीन चालू! पावसाळाभर आपल्याकडची दमट हवा त्या कडेवर बसलेली, बाकी काही नव्हतं. तेव्हापासून मी माझ्या मशीन स्वतःच उघडते, आणि तुम्हीपण उघडा म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे वायर सॉकेटमधून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे बोर्डात राहिलेला करंट निघून जातो. हात पत्र्याला टेकवून घ्या, अंगातली स्टॅटिक वीज चिपला मारते. सामान जास्त लागत नाही, चांगला फुली स्क्रू ड्रायव्हर (लॅपटॉपला बारीक टोकाचा), रंगाचा मऊ नवा ब्रश, खोडरबर आणि थर्माकोलचा तुकडा. थर्माकोलवर पेननं लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रात तिथंच टोचून ठेवायचा, कारण स्क्रू लहानमोठे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचं प्लास्टिक फुटतं, कधी खालचा बोर्डपण जातो. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, संध्याकाळी लावताना तोच फोटो उपयोगी पडतो.

आता डेस्कटॉप चालू होऊन स्क्रीन येत नसेल तर रॅमपासून सुरू करा. सगळ्या पट्ट्या काढून मशीन चालू करून बघा, बीप आला तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत असं बहुतेक धरायला हरकत नाही (बोर्डाला छोटा स्पीकर लावलेला पाहिजे मात्र). मग वायर काढून एकच पट्टी एका स्लॉटमध्ये, नाही झालं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये, असं एकेक करत जायचं, म्हणजे पट्टी गेलीय का स्लॉट ते तुमचं तुम्हाला कळतं. नवीन पट्टी आणताना जुनी सोबत न्या, डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका.

तारीख रोज मागं जाते आणि कुठलीच सरकारी साईट उघडत नाही, सारखा सुरक्षित नसल्याचा इशारा येतो, अशी तक्रार माझ्याकडं बरेचजण घेऊन येतात आणि त्यांना वाटतं नेटच खराब. तारीख चुकली की ब्राउझर साईटचं सर्टिफिकेट, म्हणजे साईट खरी असल्याचा दाखला, मानत नाही, एवढंच. बोर्डावर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातपण मिळतो. तो बदला, तारीख लावा, झालं.

लॅपटॉप गरम होऊन आपोआप बंद होत असेल तर पंख्यात धूळ. तळाचे काही स्क्रू रबरी पायाखाली लपलेले असतात, ते सापडले नाहीत म्हणून झाकण ओढू नका. उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग पंख्याचं पातं बोटानं धरून ब्रशनं धूळ काढायची. पंखा आणि त्याच्या पुढची बारीक जाळी या दोघांच्या मधे धुळीची गादी तयार होते, माझ्या लॅपटॉपमधून ती अख्खी पट्टीसारखी निघाली होती, करड्या रंगाची, आणि ती निघाल्यावर पंख्याचा आवाजच बंद झाला.

मशीन नुसती स्लो असेल तर लगेच नवीन घेऊ नका. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साध्या साटा एसएसडीचा (आत काही न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) वेग ५०० च्या आसपास असतो, हा फरक बसल्याबसल्या जाणवतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण म्हणून मशीन भंगारात घालायचं कारण नाही, एसएसडी टाकून विंडोजच्या जागी लिनक्स नावाची सिस्टीम घाला, ते फुकट आहे आणि त्यात मराठी कन्नड दोन्ही टाईप होतं. आपल्या डीटीपीवाल्यांनी मात्र जुने फॉन्ट आणि पत्रिकांच्या फाईली आधी पेन ड्राईव्हवर काढून ठेवा, तुमचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतंय का तेपण आधी बघा. जुना फॉन्ट नसला की सगळी पत्रिका वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत दिसते, मग रडून उपयोग नाही.

दोन गोष्टींशी मात्र खेळू नका. एक एसएमपीएस, म्हणजे करंट येतो ती पेटी, वायर काढल्यावरपण तिच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर करंट राहू शकतो. त्यात पाल शिरून मेली असली तरी उघडायची नाही, अख्खी पेटी बदलायची. दुसरं, फुगलेली बॅटरी. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं की चार्जर काढा, वापर थांबवा, तिला टोचू किंवा दाबू नका.

शिकायला काही मोठ्या कंपन्यांच्या साईटवर मॉडेल नंबर घातला की सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळतं, केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टलपण चालू केलंय. आणि आपल्या भागातल्या माणसाला मराठी कन्नड हिंदी तिन्ही कळतात, तिन्हीत व्हिडिओ बघा की, एका भाषेत नाही मिळालं तर दुसरीत मिळतंय.

एवढं करूनही चालू नाही झालं तर बिनधास्त दुकानात न्या, बोर्डाचं सोल्डरिंग घरी होत नाही. पण आता जाताना "बंद पडलाय बघा" असं म्हणू नका, "रॅम दोन्ही स्लॉटमध्ये बघितली, सेल बदलला, एसएमपीएस दुसरी लावून बघितली" असं सांगा, खर्च आधी विचारून घ्या, आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा.