तारापोर यांच्या आठवणीचा सेंच्युरियन: माती चाळूनच लावा

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे परमवीर चक्र विजेते, सप्टेंबर 1965 मध्ये सियालकोट भागात सेंच्युरियन रणगाड्यातून लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ त्या रणगाड्याचं 1:35 चं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल करणार असाल, तर किट घेताना आधी तोफ बघा. बऱ्याच किटमध्ये नंतरची 105 मिमीची तोफ येते; 65च्या आपल्या सेंच्युरियनवर 20 पाउंडर, म्हणजे 84 मिमीची होती.

चाकांभोवतीच्या पट्ट्यांचा (ट्रॅकचा) वरचा भाग बाजूच्या पत्र्यांआड जातो, तिथे रात्री जागवू नका.

खरी गंमत मातीत. कुंडीतली माती तशीच लावली की रणगाडा खेळणं दिसतो, कारण 1 मिमीचा खडा या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो! माती वाळवून खलात बारीक कुटा, मलमलीतून दोनदा गाळा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये कालवून जुन्या टूथब्रशने चाकांवर टिचकीने उडवा. बुरुजावर, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावर, मात्र चिखल नको, नुसती धूळ: तपकिरी खडूची पूड कोरड्या ब्रशने. मी पहिल्यांदा बुरुजही लिंपला होता, अगदी शेणाने सारवल्यासारखा.