रात्रीच्या खाण्याची सुरुवात सकाळी होते

रात्री अकरा वाजता, लाईट न लावता ओट्यापाशी उभं राहून चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज होऊ नये म्हणून हळूच उघडायचं, हे मी दोन वर्षं केलंय. मुठीमागून मूठ, चव पण कळायची नाही, आणि सकाळी ठरवायचं की आज नुसत्या ताकावर राहायचं. मला वाटायचं माझा जिभेवर ताबा नाही. खरं म्हणजे मी दिवसभर उपाशी असायचे.

लग्नात आग्रहाने दोन जिलब्या जास्त खाल्ल्या त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण लपून खाताय का, पोट टम्म झालं तरी थांबता येत नाही का, नंतर स्वतःचीच किळस येते का, हे स्वतःला विचारा. असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खाण्याचा आजार, असू शकतो, आणि मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर तीन महिने पण थांबू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

अजून एक खूण आपल्याकडे कुणाला खटकतच नाही, उलट तिचं कौतुक होतं, ती म्हणजे उपवास. श्रद्धेने करता तर जरूर करा, मी पण आषाढी करते. पण काल जास्त खाल्लं म्हणून आज संकष्टी धरली, तर तो उपवास देवासाठी नाहीये, ती स्वतःला दिलेली शिक्षा आहे.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, तर ती मुलं दिवसभर जेवणाचाच विचार करायला लागली, काहीजण रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, आणि परत खायला मिळाल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. उपाशी शरीर असंच वागतं हो, त्यात तुमचा काही दोष नाही.

म्हणून सुरुवात रात्रीपासून नाही, सकाळपासून करा. नाश्ता चुकवायचा नाही, आणि मग दर तीन-चार तासांनी काहीतरी खायचं, भूक लागो न लागो, कारण सुरुवातीला भूक नीट कळतच नाही. ताटात वाढून, बसून जेवा, सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातलं उरलंसुरलं खरवडून नाही. जे बंद केलंय ते थोडं थोडं परत आणा, माझ्यासाठी तो भात होता, पहिल्या दिवशी वरणभात वाढून घेताना हात थरथरत होता माझा (शुगर असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून). वही ठेवा, पण त्यात कॅलरी लिहू नका, किती वाजता खाल्लं आणि त्याआधी काय झालं होतं एवढंच लिहा. माझ्या वहीत दर वेळी एकच निघालं, दुपारचा डबा न उघडता परत आणलेला.

एकटीने झेपत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आणि मधेच एखाद्या रात्री परत डबा उघडला जाईल, माझाही उघडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे नेहमीएवढेच वाढून घ्या, एक चमचा पण कमी नाही.