कॉम्प्युटरसाठी स्पीकर घेताय? आधी टेबल मोजा, मग वॉट बघा

१. टेप घेऊन टेबलाशी जा
मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरते, टेबलामागे भिंत किती अंतरावर आहे आणि बसल्यावर कान किती उंचीवर येतात, ही तीन मापं लिहून घ्या. कॉम्प्युटरसमोर आपण साधारण ६० ते ९० सेंटिमीटरवर बसतो. इतक्या जवळून ऐकायचं असेल, तर हॉल दणाणून सोडणारी ताकद लागतच नाही. स्वच्छ आवाज लागतो.

२. वॉटच्या आकड्याला भुलू नका
मी भुललो होतो. खोक्यावर ठळक अक्षरात हजार वॉट लिहिलेले. घरी आणून आवाज निम्म्यावर नेला की प्लास्टिकची पेटी किरकिरायची. मग सहज अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहिला, तर त्यावर ९ व्होल्ट, १ अँपिअर! म्हणजे आत जास्तीत जास्त ९ वॉट जाणार आणि बाहेर म्हणे हजार येणार.

ही युक्ती तुम्हीही वापरा. अ‍ॅडॉप्टरवरच्या व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करा. स्पीकर सतत त्याहून जास्त वॉट देऊच शकत नाही. यूएसबी २.० पोर्टमधून वीज घेणाऱ्या स्पीकरला तर ५ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉटच मिळतात. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा म्हणून छापलेला आकडा, सरळ सोडून द्या, त्याला ठरलेलं मोजमापच नाही. बघायचं ते आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ते वॉट. तिथेही वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. टेबलावर १० ते २० वॉट आरएमएस पुष्कळ झाले.

३. २.० की २.१?
२.० म्हणजे दोन स्पीकर. २.१ म्हणजे त्यांच्या जोडीला खाली ठेवायचा सबवूफर, खर्जाचा आवाज काढणारी वेगळी पेटी. तीन इंची ड्रायव्हर (पेटीतला आवाज काढणारा गोल भाग) साधारण १०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे खोल खर्जात, दमायला लागतो, त्यामुळे सबवूफरचा उपयोग आहेच. पण स्वस्त २.१ संचात वरचे स्पीकर इतके चिमुकले असतात की २०० हर्ट्झपर्यंतचं सगळं सबवूफरच्या गळ्यात पडतं. पुरुषाच्या आवाजाचा खर्ज याच पट्ट्यात येतो. मग निवेदक दिसतो स्क्रीनवर आणि बोलतो टेबलाखालून. त्याच पैशात चार इंची ड्रायव्हर असलेली २.० ची लाकडी पेटीची जोडी मिळत असेल, तर मी डोळे झाकून तीच घेईन. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, यासाठी पाठीमागेही स्पीकर ठेवायची सोय हवी. ती नसेल तर विषय संपला.

४. जोडणी
३.५ मिमीची, म्हणजे हेडफोनच्या भोकात जाणारी वायर बहुतेक कॉम्प्युटरना चालते. यूएसबीवरून आवाज नेणाऱ्या स्पीकरमध्ये डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारं सर्किट आतच असतं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या साउंड सर्किटमध्ये खरखर असेल तर ती टळते. ब्लूटूथ सोयीचं, पण आवाज किंचित मागे पडतो. गाणी ऐकताना कळत नाही, गेम खेळताना लगेच खटकतं. आणि हो, आवाजाचं बटण पुढच्या बाजूला हवं. मागे हात घालून चाचपडण्याचा कंटाळा रोज येतो.

५. ऐकून बघा
दुकानात लावतात ती धडाम-धडाम गाणी कुठल्याही स्पीकरवर छान वाटतात. आपल्या फोनमध्ये पाठ असलेली दोन गाणी आणि नुसत्या बोलण्याचं एक रेकॉर्डिंग न्या. आधी बोलणं लावा, तेही हळू आवाजात. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का? आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आल्यासारखा वाटतो का? दोन जोड्या पडताळताना आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. शेवटी गाणं थांबवा, बटण पूर्ण फिरवा आणि स्पीकरला कान लावा. थोडी सूं-सूं चालेल, घरघर नको.

६. घरी मांडताना
दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर, कानाच्या उंचीवर आणा. जमत नसेल तर स्पीकर पुढून उचलून तिरपा करा. खाली फोम किंवा रबराचा तुकडा ठेवला की टेबल घुमायचं थांबतं. पेटीच्या मागे भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवा, नाहीतर बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, गदगदतो.

एवढं करूनही घूं-घूं आली, तर स्पीकरला लगेच दोष देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं-घूं थांबली तर घोळ अर्थिंगचा आहे. लॅपटॉप आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.